उसनी अक्षरे

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आजोबांची एक रोजकीर्द मांडलेली असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, जाड दोऱ्याने शिवलेली. तालुक्याच्या गावी त्यांचे किराणामालाचे लहानसे दुकान होते. दुकान पुढे मोडले, वही राहिली. दरवर्षी आम्ही तिला हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो आणि भाऊबीज झाली की पुन्हा कपाटात ठेवून देतो. तिच्यातले एक अक्षर घरात कोणाला वाचता येत नाही, कारण ती मोडीत आहे.

माझ्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी होती. ज्या आईबापांना मुलाची तारीख सांगता येत नसे त्यांच्या मुलांना मास्तर १ जून बहाल करीत, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्या पिढीतले निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले आहे. वडिलांची खरी तिथी आजोबांनी त्याच दिवशी रोजकीर्दीत टिपली होती, असे आजी सांगे. आणि ती वही हीच, असेही सांगे. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. पैसे घेऊन मोडी वाचून देणारी जाणकार माणसे आजही आहेत. नेऊ नेऊ म्हणता राहिले, आणि वडील गेले.

या वहीकडे मी प्रथम नीट पाहिले ते गेल्या उन्हाळ्यात, आणि तेही जपानी अक्षरे गिरवता गिरवता. सांगायचे आहे ते त्या जपानी अक्षरांविषयी. वहीकडे ओघाने येईन.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत चौकटींची एक वही होती. प्रत्येक चौकटीत ठिपक्यांची एक उभी आणि एक आडवी रेघ, म्हणजे अक्षराचा कोणता भाग कोणत्या कोपऱ्यात पडायचा ते कळावे. मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवतो. असली वही दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. भाची म्हणाली, "मामा, तू जन्मभर मुलांना गिरवायला लावलेस. आता चार दिवस तू गिरव." मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे विद्यार्थी होण्याची माझी हौस अजून फिटलेली नाही. बसलो.

जपानी माणूस तीन तऱ्हेची अक्षरे एकाच ओळीत लिहितो. एक चिनी चित्राक्षरे, कांजी. दुसरी काताकाना, कोनेदार, परदेशी शब्दांसाठी. आणि तिसरी हिरागाना, गोल, वळणदार. 'हिरा' म्हणजे साधे, सोपे. मूळ अक्षरे ४६. तिकडची पोरे पहिलीत हीच शिकतात. ४६ म्हणजे आपल्या बाराखडीपुढे काहीच नव्हे, असे मला पहिल्या दिवशी वाटले.

पहिल्याच रात्री मी पाच स्वर दहादहा वेळा लिहून ठेवले आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. सकाळी भाचीने लाल पेनाने एका अक्षरापुढे आपली नेहमीची 'बरोबर'ची खूण केली. मी मान डोलावली. ती म्हणाली, "मामा, जपानी मास्तर ही खूण चुकलेल्याला करतात. बरोबर असेल त्याला गोल." आमच्या शाळेत गोल म्हणजे शून्य. पुढे एकदा मला गोलात गोल काढून पाकळ्या घातलेले फूल मिळाले. तो तिकडच्या पोरांचा सर्वांत मोठा मान. त्याला वेळ होता.

माझी चूक काय होती? अक्षर दिसायला हुबेहूब होते. त्यांचा 'अ' तीन रेघांचा: आधी एक आडवी, मग तिला छेदणारी किंचित वाकलेली उभी, मग त्या दोहोंना गुंडाळून घेणारी मोठी गाठ. मी गाठ आधी मारली होती आणि उभी रेघ खालून वर ओढली होती. मी लिहीत होतो तेव्हा ती झोपली होती, मग तिला कळले कसे? "रेघ जिथे टेकते तिथे जाड असते, जिथे सुटते तिथे बारीक होते. तुझी शेपटी भलत्या टोकाला आली आहे." मग तिने तीन शब्द सांगितले: तोमे, हाने, हाराइ. रेघ संपवायचे हे तीन प्रकार. एक, थांबवून दाबणे. दुसरा, हुकासारखे वर उडवणे. तिसरा, केरसुणीने केर लोटावा तसे हळूहळू उचलत झाडणे. कोणत्या अक्षराची कोणती रेघ कशी संपते हे ठरलेले आहे, आणि कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हेही.

मी मनात चरफडलो. इतकी वर्षे मी मुलांच्या पाट्या तपासतो आहे. पोरगा 'ळ' कोणत्या टोकाने सुरू करतो हे मी कधी पाहिलेले नाही. दिसायला बरोबर, की पुढे. आणि ही मुलगी मला उभ्या रेघेची शेपटी दाखवते आहे. पण तिच्या या हट्टाचे कारण इतिहासात आहे, आणि तो इतिहास कळल्यावर चरफड गेली.

त्याआधी एका वेगळ्याच नवलाची गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी तिने मला सगळा तक्ता पाठ करायला दिला. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. मी थबकलो. ही तर आपलीच वर्णमाला, मधले मणी गळालेली! घशातला क, दातांजवळचे त आणि न, ओठांवरचा म, आणि मग य-र-व. 'स' आणि 'ह' तेवढे खटकतात. पण भाषापंडित सांगतात की प्राचीन जपानीत त्या 'स'चा उच्चार 'च'च्या वळणाचा होता आणि 'ह'च्या जागी 'प' होता. ते घालून पाहा: क, च, त-न, प-म, य-र-व. आमच्या बालवाडीतले पोर ओळखील. सर्वांत शेवटी एक सुटा 'न्' आहे, कुठल्याच ओळीत न बसणारा. तो आपल्या अनुस्वाराचा भाऊ.

हा योगायोग नव्हे. बौद्ध मंत्रांचा उच्चार शुद्ध व्हावा म्हणून जपानी भिक्षू सिद्धम् लिपीत संस्कृत शिकत. आपल्या नागरीची ती जुनी बहीण. अकराव्या शतकात या अभ्यासातूनच त्यांनी स्वतःच्या भाषेचे उच्चार असे ओळींत मांडायला सुरुवात केली. होर्यूजी या मठात ताडपत्राची दोन पाने जपलेली होती. आज ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र आणि एक धारणी लिहिली आहे, आणि अगदी शेवटच्या ओळीत सबंध वर्णमाला. पवित्र सूत्राच्या पायाशी कोणीतरी कित्ता काढून ठेवला आहे! १८८४ साली माक्स म्युल्लर आणि जपानी पंडित नान्जिओ यांनी ही पाने ऑक्सफर्डहून छापली. त्यांच्या अक्षरवळणाविषयीचे परिशिष्ट लिहिले गेओर्ग ब्यूलर यांनी. हे ब्यूलर म्हणजे १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राच्य भाषा शिकवायला आलेले तेच. आपल्या इकडच्या ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर बसलेली नजर त्या जपानी पानांवर फिरली, याची मला फार मौज वाटते.

माणसेही गेली होती. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोचला. नारा येथील तोदाइजी मठात ब्राँझची महाबुद्धमूर्ती उभी राहिली तेव्हा, ७५२ साली, मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा मान त्याला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातांत धरल्या होत्या, म्हणजे रेखणारा हात एकाचा नसून साऱ्यांचा. तो कुंचला शोसोइन या भांडारात अजून आहे. मूर्ती जळाली, पुन्हा घडली, तेव्हा ११८५ साली तोच कुंचला काढून निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने तिचे डोळे पुन्हा उघडले.

तेव्हा क्रम आपला, पण आकार आपले नव्हेत. आकार चीनचे आहेत, आणि तेही झिजलेले. ही झीज हीच हिरागानाची खरी कहाणी.

जपान्यांना स्वतःची लिपी नव्हती. चिनी अक्षरे आली. पण चिनी अक्षर म्हणजे एकेक अर्थ, आणि जपानी भाषा प्रत्ययांची, आपल्यासारखी शेपट्या लावणारी. चिनी लिपीत ते प्रत्यय लिहायचे कसे? ७१२ साली 'कोजिकी' हा पहिला इतिहासग्रंथ सिद्ध झाला. तो लिहून काढणारा ओ नो यासुमारो प्रस्तावनेत हीच कुरकुर करतो: अर्थाने लिहावे तर शब्द मनापर्यंत पोचत नाहीत, उच्चाराने लिहावे तर मजकूर लांबत जातो. तरी लोक उच्चाराने लिहू लागले. अक्षराचा अर्थ टाकून द्यायचा, नुसता आवाज घ्यायचा. 'मान्योशू' हा सुमारे साडेचार हजार कवितांचा संग्रह आठव्या शतकातला. त्यात ही युक्ती जिकडेतिकडे आहे. म्हणूनच या अक्षरांना 'काना' म्हणतात: उसनी नावे. चिनी अक्षरे ती 'माना', खरी नावे. घरच्या भाषेला उसने म्हणायचे आणि परक्या लिपीला खरे! पण आपण तरी काय निराळे करतो?

आता एका 'का'साठी आठ-दहा रेघांचे अक्षर, 'ना'साठी तितकेच दुसरे. पत्र लिहिणारा माणूस किती धीर धरणार? कुंचला घाईत आला. दोन रेघांमध्ये तो उचलायचा राहिला, कोपरे गोल झाले, बारीक ठिपके वाहून गेले. नवव्या-दहाव्या शतकापर्यंत उरला तो हाताचा नुसता हेलकावा. हिरागाना म्हणजे हा हेलकावा. म्हणूनच रेघांचा क्रम ही तिथे शिस्तीची बाब नाही. त्या क्रमातूनच अक्षर जन्मले आहे. उलट्या बाजूने काढलेला 'अ' दिसतो 'अ'सारखा, पण तो जिथून आला ती वाट त्यात नसते.

भाचीने मला जुनी आणि नवी अक्षरे शेजारीशेजारी काढून दाखवली. त्यांचा 'अ' ज्या चिनी अक्षरातून आला त्याचा अर्थ शांती, स्वस्थता. त्यात वर घराचे छप्पर असते आणि छपराखाली स्त्री. छप्पर झिजून आडवी-उभी रेघ झाली आणि ती स्त्री म्हणजे ती मोठी गाठ, जी मी आधी मारली होती! पुढे 'मे' हे अक्षर आले. त्याचे मूळ चिनी अक्षर म्हणजे नुसती स्त्री, आणि हाताला तीच गाठ लागली. मग 'नु', ज्याने मला आठवडाभर छळले, कारण तो 'मे'सारखाच, फक्त शेपटीला आणखी एक लहान वेटोळे. त्याचे मूळ अक्षर दासाचे, आणि त्यातही डावीकडे स्त्री आहे. एकदा हे कळले आणि माझी चूक त्या दिवसापासून थांबली. 'के', 'नि', 'हा', 'हो' या चारांना डावीकडे एकसारखी उभी रेघ आहे, खाली हुकासारखी उडवलेली. मी विचारले, ही रेघ काय? तर 'नि' आणि 'हो' यांत ती मुळात माणूस होती, 'हा'मध्ये पाणी, आणि 'के'मध्ये वाणी. माणूस, पाणी, वाणी घाईत लिहिली की एकच रेघ होते. हे वाक्य मी त्या वहीच्या समासात लिहून ठेवले आहे.

हे सारे कोणी केले? जपानी परंपरा म्हणते, कूकाइने. हा ८०४ साली चीनला गेला, तिथे भारतीय आचार्यांकडे संस्कृत शिकला, ८०६ साली परतला. मरणोत्तर त्याला कोबो दाइशी ही पदवी मिळाली. अक्षराच्या बाबतीत तो त्यांचा आदर्श. त्याची एक गोष्ट मुलांना फार आवडते. राजवाड्याच्या दरवाजावरची पाटी त्याने लिहिली, ती वर चढवली, आणि पाहतात तो एका अक्षराचा ठिपका राहिलेला! कूकाइने खालूनच कुंचला भिरकावला आणि ठिपका जागच्या जागी बसला. 'कोबोचाही कुंचला चुकतो' ही तिकडे म्हण आहे. सगळी अक्षरे एकेकदाच वापरून रचलेले 'इरोहा' हे काव्यही त्याच्याच नावावर आहे. शतकानुशतके जपानी पोरे त्यावरून अक्षरे शिकली. अभ्यासक मात्र हे मानत नाहीत. त्या काव्यात ४७ अक्षरे आहेत, आणि कूकाइच्या काळी 'ए' व 'ये' हे उच्चार वेगळे असल्याने ती ४८ व्हायला हवी होती. काव्याची सर्वांत जुनी सापडलेली प्रत १०७९ सालची. मोडी हेमाडपंताने लंकेहून आणली, ही आपल्याकडची कथा त्याच जातीची. हजार हातांनी घासून केलेल्या वस्तूला एक कर्ता लागतो. लोकांना त्यावाचून चैन पडत नाही.

हातांपैकी पुष्कळसे बायकांचे होते. दरबारी कारभार, कायदे, पांडित्य सारे चिनीत, आणि ते पुरुषांचे राखीव कुरण. वळणदार अक्षराला नाव पडले 'ओन्नादे', म्हणजे स्त्रीहात. आपण 'बायकी अक्षर' म्हणतो त्यातला नाक मुरडण्याचा भाव त्या नावात कितपत होता कोण जाणे, थोडा असावा. कविता, प्रेमपत्रे, रोजनिशी या स्त्रीहाताने लिहायच्या. पुरुषही प्रियेला लिहिताना हेच अक्षर काढी, मग दरबारात तोंड कितीही गंभीर असो.

मुरासाकी शिकिबू ही 'गेन्जी मोनोगातारी' या कादंबरीची कर्ती. अकराव्या शतकाच्या आरंभीची. कादंबरीकार म्हणवणाऱ्या माझ्यासारख्याने तिचे नाव घेताना कानाला हात लावावा. तिने आपल्या रोजनिशीत लहानपणची हकीकत लिहिली आहे. वडील भावाला चिनी ग्रंथ शिकवीत. ती जवळ बसून ऐके आणि भावाच्या आधी तिला येई. वडील म्हणत, ही मुलगा असती तर! पुढे ती इतकी सावध झाली की 'एक' हा आकडा, जो चिनीत नुसती एक आडवी रेघ आहे, तोही आपल्याला येत नाही असे भासवी. आणि हीच बाई महाराणी शोशीला लपूनछपून बाइ जुयी या चिनी कवीच्या कविता शिकवीत होती. जिला आडवी रेघ येत नव्हती तिची कादंबरी हजार वर्षे वाचली जाते आहे. तिच्या काळच्या पुरुषांचे चिनी गद्य किती जण उघडतात, हे मी विचारीत नाही.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो एक पुरुष, की नो त्सुरायुकी. हा मोठा कवी. ९०५ साली राजाज्ञेने 'कोकिनशू' हा संग्रह झाला त्याच्या संपादकांतला, आणि त्याला हिरागानात प्रस्तावना लिहिणारा. म्हातारपणी तो तोसा प्रांताचा सुभेदार होता. मुदत संपल्यावर ९३४च्या अखेरीस तो समुद्रमार्गे राजधानीला निघाला, आणि त्या प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली: 'तोसा निक्की'. तीत तो आरंभीच सांगतो की पुरुष लिहितात म्हणे तशी रोजनिशी एका बाईने लिहून पाहावी म्हणून हे लिहिते. सुभेदाराने बाईचे सोंग घेतले! का? अभ्यासक नाना कारणे देतात. मला वाटते कारण त्या रोजनिशीतच आहे. तोसाला असताना त्याची लहान मुलगी वारली होती. येताना बरोबर आणलेली, जाताना नाही. होड्यांतून, वाऱ्यासाठी थांबलेल्या बंदरांतून, बरोबरच्या लोकांच्या थट्टामस्करीतून ती मुलगी पुन्हापुन्हा वर येते. शेवटी राजधानीतले घर येते, ओसाड अंगण, आणि त्यांच्या पाठीमागे तिथे उगवलेली लहान पाइनची रोपे. सरकारी चिनीत सुभेदाराला हे लिहिता आले असते का? नोंद करता आली असती, रडता आले नसते.

या रोजनिशीचे पुढे जे झाले ते मी भाचीकडून ऐकले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. त्सुरायुकीच्या हातची मूळ प्रत तीनशे वर्षे टिकली. १२३५ साली फुजिवारा नो तेइका या कवीच्या ती दृष्टीस पडली. तेइका तेव्हा सत्तरी ओलांडलेला, डोळे अधू. त्याने सगळी रोजनिशी आपल्या अक्षरात उतरून घेतली. पण शेवटचा भाग मात्र त्याने आपल्या अक्षरात लिहिला नाही. त्सुरायुकीचे अक्षर जसे होते तसेच, रेघेला रेघ गिरवून काढले. त्या पुरुषाचा हात कसा चाले ते पुढच्यांना कळावे म्हणून. पुढल्याच वर्षी त्याच्या मुलाने सबंध रोजनिशीची बरहुकूम नक्कल केली. मूळ प्रत पुढे नाहीशी झाली. त्सुरायुकीचा हात आज त्या म्हाताऱ्याच्या हातातून दिसतो.

जपानीत हस्ताक्षराला 'ते' म्हणजे हातच म्हणतात, आणि लिहायला शिकण्याला 'तेनाराइ', हात शिकणे. आपणही हात बसला म्हणतोच. एदो काळी गावोगाव तेराकोया नावाच्या शाळा होत्या, आपल्या पंतोजींच्या शाळांसारख्या. कागद महाग, म्हणून पोरे एकाच वहीवर लिहून, वाळवून, पुन्हा त्यावरच लिहीत, ती काळीकुट्ट होईपर्यंत. भिंतीवर विद्येचा देव तेन्जिन, हा मूळचा सुगावारा नो मिचिझाने नावाचा खराखुरा विद्वान. आमची पोरे धूळपाटीवर गिरवीत आणि दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढीत. फरक फारसा नाही.

यानंतर आधुनिक काळ आला. तोवर एकेका उच्चाराची कितीतरी रूपे चालत. 'का' चार-पाच तऱ्हांनी लिहावा, लिहिणाऱ्याच्या लहरीप्रमाणे, कागदावरच्या जागेप्रमाणे. १९०० साली सरकारने प्राथमिक शाळांसाठी नियम केला: एका उच्चाराला एकच अक्षर. बाकीची सारी 'हेन्ताइगाना', वेगळ्या रूपाची, म्हणून शाळेबाहेर गेली. १९४६ साली 'वि' आणि 'वे' ही दोन अक्षरे त्यांचे उच्चार केव्हाच बुजले होते म्हणून नित्य लेखनातून गेली. नव्या बाळाच्या नावात हेन्ताइगाना १९४८ पर्यंत चालत; त्यानंतर तेही बंद. कितीतरी आज्यांच्या नावांत मात्र ती राहिली. आता ती दिसतात ती बहुधा सोबा शेवयांच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर.

शिक्षक म्हणून मला हा नियम पटतो. पहिलीतल्या पोराला पाच 'का' शिकवायला मला सांगितले असते तर मी राजीनामा दिला असता. पण त्याची किंमत अशी की आजच्या जपानी माणसाला आपल्या पणजोबाचे पत्र, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे छापील पुस्तकसुद्धा, शिकल्यावाचून वाचता येत नाही. २०२१ साली तिकडच्या संशोधकांनी 'मिवो' नावाचे साधन काढले. जुन्या पानावर फोन धरावा, आणि तो आजच्या अक्षरांत पान वाचून दाखवतो. भाचीने ते कौतुकाने सांगितले. मी गप्प राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे लाल पुठ्ठ्याची वही आली होती.

मोडी आमच्या शाळांतून गेली ती १९५०च्या सुमारास. कारणे तीच, आणि तीही पटणारी: बाळबोध सोपी, छापायला सोयीची, देशभर चालणारी. माझे वडील त्या काठावर जन्मले.

भाचीने जूनमध्ये जाताना मला एक कुंचला, शाईची वडी आणि ती उगाळायचा दगड दिला. कुंचला धरून पहिल्यांदा लिहिले तेव्हा तोमे, हाने, हाराइ हे काय प्रकरण आहे ते खरे कळले. पेन्सिलीने ते नुसते पाठ होते. दाबला की पसरतो, उचलला की बारीक होतो, आणि जिथे विचार करीत थांबाल तिथे डाग पडतो. काही लपत नाही. जपानी अक्षरे वरून खाली लिहायची, म्हणून 'शि', 'उ', 'रि' यांची टोके खालच्या अक्षराकडे झुकलेली. ती वाट पाहत असतात. श्रावणात एकदा मी 'त्सुरायुकी' हे नाव कुंचला न उचलता खालपर्यंत लिहून भाचीला पाठवले. फूल आले ते त्यावर.

त्याच रात्री मी रोजकीर्द काढली. आजवर मला त्या पानांवर एक काळे जाळे दिसत असे. आधी एक सरळ रेघ डावीकडून उजवीकडे ओढलेली आणि तिच्याखाली लटकवलेली लफ्फेदार अक्षरे, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. आता मी अक्षरे वाचायचा प्रयत्न केला नाही. रेघ कुठे जाड आहे ते पाहिले. आजोबा बोरूने लिहीत. दौतीत बोरू बुडवला की शाई गडद, मग फिकी फिकी होत जाते, मग पुन्हा गडद. म्हणजे इथे हात उचलला. इथे झोकात वळला. इथे बहुधा गिऱ्हाईक आले, कारण मध्येच डाग आहे. कोरडा बोरू त्या रेघांवरून फिरवत गेलो, त्यांच्याच क्रमाने. पानाच्या माथ्यावरचा 'श्री' प्रथम लागला. तो तर लागायलाच हवा होता. मग पुस्तक आणले, मोडीची बाराखडी काढली आणि चौकटींच्या त्याच वहीत, उरलेल्या पानांवर, गिरवायला बसलो. आता 'गूळ' आणि 'मीठ' मला दुरून ओळखू येतात. आकडे सोपे आहेत. माणसांची नावे अवघड.

दिवाळीला भाची आली आहे. रात्री फराळाची ताटे उचलली की आम्ही दोघे वही उघडून बसतो. ती शाईचे गडद-फिके पाहते, मी अक्षर लावतो. वही पाडव्याला घातलेली, म्हणून तिचा आरंभ कार्तिकापासून. वडील जन्मले त्या दिवशी नदीला पूर होता आणि सुईणीला होडीतून आणावे लागले, असे आजी सांगे. आम्ही अजून पौषात आहोत. पावसाळ्याला सहा महिने अवकाश आहे.